‘याच पद्धतीने’ म्हणजे नक्की कोणत्या?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत रवा केकची रेसिपी आली होती. रवा, दही, साखर, टुटीफ्रुटी, ८ इंची टिन, ओव्हन १८० डिग्रीला प्रीहीट, ४० मिनिटं, सगळं नीट लिहिलेलं, फोटोही छान, आणि अगदी शेवटी एक ओळ होती, ‘एअर फ्रायरमध्येही याच पद्धतीने करता येईल.’ हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. बाकी रेसिपीबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि पत्र लांबलं तर कापा पण मधलं नानकटाईचं कापू नका.

आधी माझी ओळख म्हणजे काय, तर मी वीज खात्यातून रिटायर झालेला माणूस, ठाण्यात राहतो, आणि मागच्या वर्षी सौ.चं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून किचनमध्ये शिरलोय तो अजून बाहेर आलेलो नाही. मुलाने आणि सुनेने दिवाळीला एअर फ्रायर आणून दिला, ४ लिटरच्या आसपासचा, १४०० वॅट, ८० ते २०० डिग्री. पहिला महिनाभर त्यात फक्त फ्रोझन फ्राइज आणि शेंगदाणे भाजले. शेंगदाणे मात्र एक नंबर होतात, कढईपाशी उभं राहायला नको. मग हिंमत वाढली आणि तुमचा केक करायला घेतला.

आता ८ इंची टिन काही त्या बास्केटमध्ये बसत नाही, म्हणून ६ इंची आणलं, आणि रेसिपीत दिलेलं सगळं मिश्रण त्याच्यात ओतलं, जवळजवळ काठापर्यंत आलं, म्हटलं फुगेल तेव्हा बघू. १८० डिग्री, ४० मिनिटं, याच पद्धतीने. अठराव्या मिनिटाला वास आला म्हणून बास्केट ओढून बघितली तर वर काळपट कवच, मध्ये टेकाड, टेकाडाला भेग आणि त्या भेगेतून पिवळं मिश्रण बाहेर येऊन जाळीवर टपटप पडतंय. सुरी घातली तर सुरीला अर्धा केक चिकटून आला. सौ. वॉकर घेऊन हळूहळू आली, बघितलं आणि म्हणाली, “अहो, हा केक नाहीये, वरनं तवा आहे आणि आतनं खीर.” दोन वाट्या रवा आणि पाव किलो दही गेलं. ते जाऊ दे, पण चुकलं कुठे हे कळल्याशिवाय आमच्यासारख्या माणसाला झोप लागत नाही.

तर दुसऱ्या दिवशी प्लग काढून, मशीन गार असताना बॅटरी मारून आत बघितलं. वर गोल कॉइल, कॉइलच्या वर पंखा, बस. खाली काही नाही. पंखा गरम हवा ढकलतो, ती बास्केटच्या बाजूंनी खाली जाते आणि जाळीच्या भोकांतून वर येऊन परत कॉइलकडे. म्हणजे जाळीवर फ्राइज पसरले असतील तर त्यांना वरनं खालनं सगळीकडून हवा लागते. पण मी त्या जाळीवर केकचं टिन ठेवलं म्हणजे काय केलं, तर खालची वाटच बंद केली. हे मशीन मुळात बटाट्याच्या चिप्ससाठी डोक्यात आलेलं आहे, फ्रेड व्हान डेर वेय नावाच्या डच माणसाची कल्पना, आणि फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा लोकांसमोर आणलं. कमी तेलात चिप्स, एवढंच त्याचं काम. केक, बिस्किटं, पाव हे सगळं आपण लोकांनी नंतर त्याच्या गळ्यात मारलं. चुलीवरच्या पातेल्यात इडली करायला गेल्यासारखं आहे, होते, पण आधी जुगाड करावा लागतो.

ओव्हनचं तसं नसतं. आपल्याकडे घरोघरी जो असतो तो ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), त्यात वर एक-दोन रॉड, खाली एक-दोन रॉड, आणि हवा जागच्या जागी उभी. पंखेवाला असेल तर वेगळं, पण रेसिपी लिहिणारे पंखा चालू होता का बंद हे कधी लिहीत नाहीत. आणि सगळा फरक तर तिथेच आहे. १८० डिग्री म्हणजे १८० डिग्रीच की, मग फरक कसा पडतो, असं मलाही आधी वाटायचं. पण मी काही वर्षं कोराडीला नोकरीला होतो, नागपूरजवळ. मे महिन्यात ४५ डिग्रीला माणूस सावलीत गप बसला तर बसू शकतो, पण दुपारी लू सुटली की तीच ४५ डिग्री तोंड भाजून काढते. पारा तोच, फक्त हवा हलते. उभ्या हवेत आपल्या अंगाभोवती हवेचा एक पातळ थर धरून राहतो आणि तो जरा सांभाळून घेतो, वारा तो थर ओरबाडून नेतो. एअर फ्रायर म्हणजे चोवीस तास लू. म्हणून पदार्थाची कातडी पटापट भाजते.

पण फक्त कातडीच हां. ही गोष्ट मला दोन केक फुकट घालवल्यावर कळली (हो, दुसराही गेला, तो सांगत बसत नाही). वाऱ्याने पदार्थाचा वरचा भाग लवकर होतो, आतला नाही. आत उष्णता एका थरातून दुसऱ्या थरात सरकत जाते, ती तिच्याच चालीने, तुम्ही बाहेर पंखा लावा नाहीतर वादळ आणा. म्हणून तो जो सगळीकडे सांगतात तो नियम आहे ना, ओव्हनच्या आकड्यातून २० डिग्री कमी करा आणि वेळ पाचव्या हिश्शाने कमी करा, तो पनीर टिक्का, बटाट्याच्या फोडी, फ्लॉवर, पातळ बिस्किटं यांना बरोबर लागू पडतो. १८० आणि ४० असेल तर १६० आणि ३२, आणि २२ मिनिटांनंतर डोकावायला सुरुवात. पण केकला, भरलेल्या सिमला मिरचीला, कशालाही ज्याला पोट आहे त्याला तो नियम पुरत नाही. तिथे डिग्री अजून उतरवायची, १५० वर, आणि वेळ मात्र फारसा कापायचा नाही. उलट केलं की खीर.

आता टिनचं गणित, आणि यात माझी स्वतःची चूक होती हे कबूल करतो. ८ इंची गोल टिनचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस इंच येतं आणि ६ इंचीचं २८. बघायला दोनच इंचांचा फरक, पण जागा जवळजवळ निम्मी. मोठ्या टिनमध्ये जे मिश्रण दीड इंच उंचीचं झालं असतं ते माझ्या टिनमध्ये पावणेतीन इंच झालं. आणि गंमत अशी की जाडी दुप्पट झाली तर आत शिजायला वेळ दुप्पट लागत नाही, जवळजवळ चौपट लागतो. म्हणजे माझा केक १८ मिनिटांत वरून जळला आणि आतून तो दीड तासातही झाला नसता! शिवाय मिश्रण काठापर्यंत, ते फुगून वर गेलं ते थेट कॉइलच्या तोंडाशी. ओव्हनमध्ये वरचा रॉड वीतभर तरी लांब असतो, इथे तीन-चार बोटं. म्हणून ८ इंचीची रेसिपी ६ इंचीत करायची तर सामान निम्म्याहून किंचित जास्त घ्यायचं, ९ इंचीची ७ इंचीत करायची तर साठ टक्के धरायचं, आणि टिन निम्मं भरलं की थांबायचं. उरलेलं मिश्रण वाटीत ठेवून नंतर लावू म्हणाल तर सोडा तोपर्यंत बसून जातो, त्यापेक्षा आधीच कमी भिजवा.

तिसरा केक असा केला. सामान निम्मं, १५० डिग्री, तीन मिनिटं रिकामं मशीन तापवलं, टिनखाली कुकरमधली जाळी ठेवली म्हणजे खालून थोडी तरी हवा फिरावी, पंधरा मिनिटांनी वरचा भाग बसला आणि रंग यायला लागला तशी फॉइल टाकली आणि ती टिनच्या काठाखाली चारी बाजूंनी घट्ट दुमडली. हे दुमडणं महत्त्वाचं, नुसती ठेवली तर पंखा ती उचलतो. एकूण ३४ मिनिटं लागली. सुरी कोरडी आली. बुडाला रंग फिकाच आला, पण केक झाला, आणि सौ.ने काही न बोलता दुसरा तुकडा घेतला. ४२ वर्षांच्या संसारात याचा अर्थ मला कळतो.

आता नानकटाई. आम्ही लहानपणी मे महिन्यात मैदा, तूप, पिठीसाखर घरून डब्यात घेऊन बेकरीत जायचो, तिथे पत्रे भाड्याने घ्यायचे, आईलोक तिथेच बसून गोळे वळायच्या, पत्र्यावर नावाची चिठ्ठी, आणि मग आपला पत्रा भट्टीतून कधी बाहेर येतो याची वाट बघत आम्ही पोरं दारात. लाकडाची भट्टी, जमीन तापलेली, छत तापलेलं, चहूबाजूंनी सारखी ऊब, नानकटाईला खालून खरपूस रंग आणि वर भेगा. घरच्या ओटीजीत ती ऐंशी टक्के तरी जमते. एअर फ्रायरमध्ये पहिल्या वेळी वरच्या भेगा करपल्या आणि बूड पांढरंफटक. कारण तेच, खाली काही नाही. मग तीन गोष्टी बदलल्या. एक तर गोळे वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले, कारण गरम वाऱ्यात तूप आधी सुटतं आणि नानकटाई सेट व्हायच्या आधीच पसरून पोळी होते. दुसरं, टिन वापरलंच नाही, जाळीवर बटर पेपर, तोही जाळीपेक्षा लहान कापलेला, कडेने हवेला वाट मोकळी. तिसरं, १५० डिग्री आणि १२-१३ मिनिटं. ओव्हनला याच नानकटाईला १८० वर १६ मिनिटं लागायची. एका वेळी सहाच बसतात, मान्य, आणि दुसऱ्या खेपेला मशीन आधीच तापलेलं असतं तर दोन मिनिटं कमी लागतात, हे पहिल्यांदा लक्षात आलं नाही आणि दुसरी खेप चॉकलेटी झाली. बाहेर काढल्यावर मऊ लागते म्हणून परत आत ढकलू नका, गार झाल्यावरच ती खुसखुशीत होते, तोपर्यंत पोरांना लांब ठेवा. आमच्याकडे लहान पोरं नाहीत, मलाच लांब ठेवावं लागतं.

आणि तो बटर पेपर. हे तर छापाच, मोठ्या अक्षरात छापा. प्रीहीट करताना रिकाम्या बास्केटमध्ये बटर पेपर ठेवायचा नाही. मी ठेवला होता. वजन नाही म्हटल्यावर पंख्याने तो उचलला आणि कॉइलला चिकटवला, धूर, वास, शेजारच्या काकू दारात. पेपर नेहमी पदार्थासकटच आत जायला हवा, पदार्थाच्या वजनाखाली दाबून. तसंच किसलेलं चीज, तेही उडतं, ब्रेडवरची चीजची स्लाइस तर अख्खी उडून बाजूला जाऊन बसते. पालकाची पानं, कढीपत्ता, पापड, सगळं पतंग.

भाची न्यूजर्सीला असते. तिने बनाना ब्रेडची रेसिपी पाठवली, ३५० वर ५५ मिनिटं. माझं मशीन २०० च्या पुढे जातच नाही. मी तिला म्हटलं, अगं आमचं मशीन कमजोर दिसतंय, तर ती हसायला लागली, “मामा, ते फॅरेनहाइट आहे.” वीज खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने हे विचारावं! ३५० फॅरेनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस, म्हणजे आपलं नेहमीचं १८०. ३२५ म्हणजे १६३, ३७५ म्हणजे १९१, ४०० म्हणजे २०४. बत्तीस वजा करा, पाचने गुणा, नवाने भागा, शाळेतलंच आहे. जुन्या इंग्लिश पुस्तकांत गॅस मार्क ४ लिहिलेलं असतं, तेही तेच १८०. म्हणजे आधी सेल्सिअस करायचं, मग त्यातून एअर फ्रायरचं वजा करायचं, या दोन पायऱ्या आहेत आणि लोक एकच करतात. इंटरनेटवरच्या निम्म्या रेसिपी अमेरिकेतून उचललेल्या असतात, त्यामुळे हा घोळ फक्त माझाच नसणार.

आता मला जे खरं सांगायचंय ते. हे सगळे प्रयोग चालले असताना सौ. एकदा म्हणाली की तुम्ही उगाच ओव्हन ओव्हन करताय, आमच्या आईकडे कुठे ओव्हन होता. तिचं माहेर राजापूरकडचं. सासूबाई पावसाळ्याच्या शेवटी मोठी जून काकडी, म्हणजे तवसं, किसून त्यात तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून तवसाळं करायच्या, काही घरांत त्याला धोंडस म्हणतात. जाड बुडाचं पातेलं चुलीच्या मंद निखाऱ्यांवर, वर झाकण, आणि झाकणावर पुन्हा निखारे. खालचे निखारे बूड धरतात, वरचे रंग आणतात. पाठारे प्रभूंकडचं कोबीचं भानोळं घ्या, कोलंबी घातलेलं, तेही पूर्वी असंच वर-खाली निखाऱ्यांवर. गोव्याचं बेबिंक तर त्याच्या पुढे, एक थर ओतायचा, वरच्या आचेने भाजायचा, त्याच्यावर तूप, मग दुसरा थर, पुन्हा वरची आच, असे सात थर, कुणाकडे त्याहून जास्त. ओव्हन हा शब्द माहीत नसलेल्या बायका हे करत होत्या आणि कुठला निखारा कुठे ठेवायचा हे त्यांना पक्कं माहीत होतं.

सौ. म्हणाली, “तुमच्या या डब्यात वरचे निखारे आहेत, खालचे नाहीत. एवढंच लक्षात ठेवा ना.” संपादक साहेब, मी इतके दिवस आकडेमोड करत होतो आणि हिने एका वाक्यात उडवलं. आता मी कुठलीही ओव्हनची रेसिपी हातात घेतली की पहिला प्रश्न हाच विचारतो, या पदार्थाला खालचे निखारे लागतात का? नसतील लागत, नुसता वर रंग आणायचा असेल, तर एअर फ्रायर उत्तम. आपलं ते लग्नाच्या जेवणातलं व्हाइट सॉसवालं बेक्ड व्हेजिटेबल, भाज्या आधीच शिजलेल्या, सॉस शिजलेला, फक्त वरचं चीज खरपूस करायचंय, १८० वर ८ ते १० मिनिटांत होतं, ओव्हनला २५ लागायची. चीज मात्र चमच्याने दाबून बसवा, वर सांगितलंच. बेबिंकही जमावं असं माझं मत आहे, वरूनच आच तर हवी, पण सात वेळा बास्केट ओढायचा पेशन्स आमच्या घरात नाही.

आणि खालचे निखारे लागत असतील तर ते आपण द्यायचे. तवसाळं आम्ही असं केलं की आधी सगळं मिश्रण नेहमीसारखं गॅसवर वाफवून घट्ट करून घेतलं, मग तूप लावलेल्या जाड अॅल्युमिनियमच्या डब्यात थापलं, डबा लोखंडी तव्यावर ठेवून मंद गॅसवर दहा-बारा मिनिटं, बूड धरल्याचा वास आला की उचलून एअर फ्रायरमध्ये १६० वर पंधरा मिनिटं, पहिली दहा मिनिटं फॉइलखाली, शेवटची पाच उघडं. खाली तांबूस, वर तांबूस, मध्ये ओलसर. सौ. म्हणाली आईसारखं नाही पण तिच्या जवळपासचं. पिझ्झालाही तेच, बेस आधी तव्यावर एका बाजूने भाजून घ्या, मग ती भाजलेली बाजू खाली ठेवून आत टाका, नाहीतर वर चीज जळतं आणि खाली ओली चपाती. पॅटिस आणि खारीला उलटवायचं, दोन तृतीयांश वेळ झाला की चिमट्याने पालथं करायचं, कारण उलटवता येईल अशा पदार्थाला आपण दोन्ही बाजूंनी वरचेच निखारे देऊ शकतो. अळूवडी, कोथिंबीर वडी यांना ओव्हन लागतच नव्हता, पण वाफवलेल्या वड्यांना तेलाचं बोट लावून १८० वर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटवून, हे आता आमच्याकडे रोजचं झालंय. फक्त कांदाभजी, बटाटेवडा असलं ओल्या पिठाचं काही टाकू नका. पीठ गळून जाळीखाली जातं आणि भजीला जे तेल धरून ठेवतं ते इथे काही नाही. वड्याला कढईच, त्यावर चर्चा नको.

जाता जाता एक माझ्या खात्यातलं. १४०० वॅट भागिले २३० व्होल्ट, ६ अँपियरच्या जरा वर जातं. म्हणजे घरातला तो छोटा ६ अँपियरचा सॉकेट आधीच काठावर आणि त्याला लावलेलं टीव्हीमागचं एक्स्टेन्शन बोर्ड तर विसराच. आमच्याच बिल्डिंगमध्ये एकांनी एक्स्टेन्शनवर केक केला, केक झाला, बोर्ड तपकिरी झाला. मोठ्या १६ अँपियरच्या पॉइंटलाच लावा, आणि त्याच पॉइंटवर गिझर किंवा मायक्रोवेव्ह जोडून ठेवू नका. वीज किती जाते म्हणाल तर अर्धा तास सलग चाललं तरी ०.७ युनिट, आणि कॉइल मधून मधून बंद होत असते म्हणून त्याहूनही कमीच. मोठा ओटीजी यापेक्षा जास्त वॅटचाही असतो, आणि त्याला तापायलाच दहा मिनिटं लागतात. दोघांसाठी सहा नानकटाया करायच्या तर एअर फ्रायर परवडतो, दिवाळीला दोनशे करायच्या तर ओटीजी किंवा सरळ बेकरी.

तर माझी विनंती अशी आहे की ‘याच पद्धतीने करता येईल’ ही ओळ बंद करा. येत नाही. त्याऐवजी टिनचा व्यास किती आणि त्यात मिश्रण किती बोटं उंच आलं ते लिहायला सांगा, ओव्हनमध्ये पंखा चालू होता का, रॉड वरचा का खालचा का दोन्ही, आणि झालं हे कशावरून ओळखायचं, म्हणजे कडा टिनपासून सुटल्या का, बोटाने दाबल्यावर वर येतं का, सुरी कोरडी निघते का. मिनिटं प्रत्येकाच्या मशीनला वेगळी लागतात. मी साडेतीनशे रुपयांचं ओव्हनचं थर्मामीटर आणून आत ठेवलं तर १६० लावल्यावर काटा १७५ ला जाऊन उभा, आणि सुनेच्या माहेरच्या मशीनमध्ये तेच थर्मामीटर १५० दाखवतंय. तेव्हा मिनिटं छापली नाहीत तरी चालेल, खुणा छापा. पूर्वीच्या रेसिपीत ‘खमंग वास सुटेपर्यंत’ लिहायचे ते आम्ही हसायचो, ते बरोबर होतं.

आणि एअर फ्रायरवर वेगळं काही द्यायचं असेल तर लिहिणाऱ्यांनी ते खरंच एअर फ्रायरमध्ये करून बघितलेलं असावं, ६ इंची टिनमध्ये, एवढीच अट. फोटो नसला तरी चालेल. आमच्या पहिल्या केकचा फोटो आहे माझ्याकडे, हवा असेल तर पाठवतो, ‘काय करू नये’ या सदराखाली छापा.

आपला,
रविवारची पुरवणी आधी उघडणारा एक वाचक, ठाणे (पश्चिम)

ता. क. – सौ.ने पत्र वाचलं. ती म्हणते तवसाळ्याचा तांदळाचा रवा आधी तुपावर भाजून घ्यायचा असतो हे तुम्ही लिहिलंच नाहीत, आणि काकडी किसल्यावर सुटलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच रवा शिजवायचा, वरून पाणी नको. आणि चिमूटभर मीठ. हे मी विसरलो होतो, कृपया वर योग्य जागी घालून घ्यावं.